बाकड्यावरच्या माणसाची कॅसेट

माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘येथे आवाज भरून मिळेल’ असं लिहिलेलं होतं. मी पेंटरला ‘कॅसेट भरून मिळेल’ असं सांगितलं होतं. त्याने मनानेच सुधारणा केली, आणि मी जेवून परत येईपर्यंत पाटी वाळून गेली. मालवणच्या बाजारात वाळलेली पाटी पुसायची पद्धत नाही. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं कोणाचा घसा बसला की तो दुकानात डोकावून विचारायचा, ‘‘वामन, आवाज भरून देतंस रे? दोन दिस झाले, माजो पुरो खाली झालो.’’ मी हसायचो. गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसणं हा धंद्याचाच भाग असतो.

आजच्या पोरांना कॅसेट म्हणजे काय हे सांगावं लागतं, म्हणून थोडक्यात सांगतो. ऐंशीनंतरची आठ-नऊ वर्षं आमच्या धंद्याला भरती होती. लोक गाण्यांची यादी घेऊन यायचे, मी ती गाणी कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. यादीवरून माणूस कळतो. पहिल्या बाजूला भजनं आणि दुसऱ्या बाजूला डिस्को मागणारा एक पोस्टातला कारकून होता. घरात कोण आहे ते बघून तो बाजू लावायचा. शिवाय बोलती पत्रं असायची. मुंबईला, आखातात गेलेल्या माणसांना घरचे लोक माझ्या दुकानात बसून बोलून पाठवायचे. एका म्हातारीने अर्ध्या तासाची अख्खी बाजू झिलाला, म्हणजे मुलाला, शिव्या घालण्यात संपवली. मी कॅसेट काढायला लागलो तर म्हणाली, ‘‘उलटी कर. ही बाजू सुनेक.’’

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला पटत नाही. कॅसेट भरणारा गाणं ऐकत नाही, तो काटा बघतो. मशीनवर दोन काचेच्या खिडक्या असतात, त्यात एकेक काटा आवाजाबरोबर हलतो. काटा तांबड्या पट्ट्याच्या अलीकडे राहिला की आवाज बरा, तांबड्यात गेला की फाटला, जागचा हललाच नाही तर वायर सुटली. गाणं रडवणारं आहे की नाचवणारं, याच्याशी काट्याला देणंघेणं नाही, आणि मलाही नव्हतं. मी हजारो गाणी भरली, पण एकाही गाण्याचं दुसरं कडवं मला विचारू नका. ते किती मिनिटांचं होतं ते विचारा, सांगतो. त्या काळी मला याचा अभिमान वाटायचा.

दुसरी गोष्ट पात्यांची. कॅसेटच्या पाठीच्या कडेला, दोन्ही टोकांना, प्लास्टिकची दोन चिमुकली पाती असतात. ती मोडली की त्या कॅसेटवर नवं काही भरता येत नाही. मशीनचं तांबडं बटण खालीच जात नाही. महत्त्वाचं काही भरलं की लगेच पाती मोडावी, हा पहिला धडा. मोडलेल्या पात्याच्या भोकावर चिकटपट्टी लावली की आधीचं पुसून पुन्हा भरता येतं, हा दुसरा. पहिला धडा मी सगळ्यांना सांगायचो. दुसरा स्वतःपाशी ठेवायचो.

जोडधंदा लाउडस्पीकरचा होता. लग्नं, जत्रा, शाळेची संमेलनं, निवडणुकीच्या सभा. त्यात माझं नाव झालं ते एको मशीनमुळे. एको लावला की शब्द घुमत परत येतो. पुढाऱ्यांना तो फार आवडायचा, कारण एकच आश्वासन तीनदा ऐकू यायचं आणि एकदाही पाळावं लागायचं नाही. मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज, ही माझी तेव्हाची समज होती. अख्ख्या तालुक्याची तीच होती.

अशा माणसाच्या दुकानात एके दिवशी दुपारी कुंदाबाई आल्या.

कुंदाबाई मसुऱ्याच्या वाटेवरच्या एका गावात शिक्षिका होत्या. शाळा एका खाजगी संस्थेची. बाईंचं वय तिशीच्या आसपास, यजमान मुंबईला कंपनीत, गणपतीला आणि मे महिन्यात येणारे. बाईंच्या हातात तांदळाच्या गोणपाटाच्या पिशवीत शिवून घातलेली काहीतरी लांबडी वस्तू होती. एसटीच्या कंडक्टरने तिचं वेगळं लगेज फाडलं होतं आणि ती काय आहे हे अर्ध्या गाडीने चाचपून बघितलं होतं. आत गिटार निघालं. वेंगुर्ल्याला मास्तरकीचा कोर्स करताना त्या एका ख्रिश्चन शिंप्याच्या घरी भाड्याने राहत. त्याने त्यांना गिटारच्या तीन पकडी, म्हणजे कॉर्ड, शिकवल्या आणि पुढे मुलाकडे बाहेरगावी जाताना गिटारच देऊन टाकलं. तीन पकडींवर बाईंनी नऊ गाणी केली होती. शब्द त्यांचे, चाल त्यांची, गाणार त्याच.

‘‘मला एक कॅसेट भरून हवी आहे,’’ बाई शुद्ध मराठीत म्हणाल्या. दुकान, बँक आणि कचेरी इथे आम्ही सगळेच शुद्ध बोलतो.

‘‘यादी द्या,’’ मी म्हटलं.

‘‘यादी नाही. गाणी माझीच आहेत.’’

‘‘म्हणजे कुठल्या पिक्चरमधली?’’

‘‘पिक्चरमधली नाहीत.’’

‘‘भजनं?’’

‘‘नाही.’’

‘‘दशावतारातली?’’

बाईंचं शुद्ध मराठी तिथे संपलं. ‘‘वामनदादा, सांगलंय मां, माजी आसत. मीच केलंय, मीच गातलंय.’’

आता यात माझी चूक नव्हती. आमच्याकडे गाणं नेहमी कोणाचंतरी असतं. देवाचं असतं, पिक्चरचं असतं, नाटकाचं असतं, नाहीतर आजीच्या तोंडचं असतं. जिवंत माणूस समोर उभा राहून ‘गाणं माझं’ म्हणतो, त्यातही बाईमाणूस, हा प्रकार मी बघितलेला नव्हता. पण माझ्याकडे माइक होता, मागची खोली होती आणि दुपारी एक ते साडेतीन बाजार माशाचं जेवून झोपलेला असायचा. मी हो म्हटलं.

खोलीच्या भिंतींवर घरच्या वाकळी टांगल्या, पंखा बंद केला आणि बाईंच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सलग चार दुपारी भरत बसलो. पहिल्या दिवशीच खटका उडाला. बाई फार हळू गायच्या. काटा निम्म्यावरही जाईना. मी खुणेने ‘मोठ्याने’ म्हणून सांगायचो, आणि बाई डोळे मिटून तशाच. ताना नाहीत, हरकती नाहीत, मुखडा पुन्हा पुन्हा नाही. शेजारणीशी बोलावं तसं गाणं. आणि विषय तरी काय? पत्र द्यायच्या आधी वाचून काढणारा पोस्टमन. विहिरीचा करकरणारा रहाट. नवऱ्याच्या मुंबईच्या खोलीत आपली चटई कुठे पडेल याचा हिशेब घालणारी बायको. आमच्या भजनीबुवांना मी एक तुकडा ऐकवला. बुवांनी सम शोधली, ती सापडली नाही, तेव्हा ‘‘बाईंका बरां नाय काय?’’ एवढंच विचारून ते गेले.

मी बाईंना सल्ले दिले. सल्ला देणं आम्हा मालवणी माणसांना श्वासाइतकंच गरजेचं आहे. तबला घ्या म्हटलं, गाजलेल्या चालीवर शब्द बसवा म्हटलं, निदान थोडा एको तरी लावू द्या म्हटलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

‘‘वामनदादा, माका लांबच्यांक सांगूचां नाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बाजूक बसलल्याक सांगूचां आसा.’’

तिसऱ्या गाण्यात मध्येच खिडकीशी कावळा ओरडला. मी मशीन बंद करायला धावलो, तर बाईंनी हातानेच अडवलं. ‘‘ऱ्हवांदे. रहाटाचां गाणां आसा, थंय कावळो येतोच.’’ माझ्या हातून गेलेल्या कॅसेटवर कावळा! पण त्यांनी ठेवला म्हणून राहिला. पहिल्या बाजूला पाच गाणी बसली, दुसऱ्या बाजूला चार. मी पाती मोडली आणि कॅसेट कपाटात ठेवली. कव्हर कोल्हापूरहून छापून आलं की प्रती काढायच्या असं ठरलं. तोवर त्या नऊ गाण्यांची जगात एकच कॅसेट होती आणि ती माझ्या ताब्यात होती.

मूळ कॅसेट दुकानात वाजवू नये, झिजते, हे मी चार जणांना सांगत असे. पण नवीन माल आला की तो वाजवून दाखवायची खोड जात नाही. मी ती रोज संध्याकाळी दुकानासमोर लावू लागलो.

तिथून लफडं सुरू झालं. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं बाकड्यावरच्या माणसाचं होतं. त्याचे शब्द असे:

येस्टी इली, येस्टी गेली,
बाकड्यार बसलो तो बसलोच ऱ्हवलो.
कंडक्टर म्हणता, चढ रे बाबा,
तो म्हणता, ही नको, फुडली.

एवढंच. नाव नाही, गाव नाही. पण आमच्या मुलखात गाणं कोणाचंतरी असतं, तसं ते कोणावरतरीही असतं. देवाचं नाही, पिक्चरचं नाही, म्हणजे माणसावर असणार. आणि ज्याने त्याने माणूस शोधायला स्वतःपासून सुरुवात केली.

पहिला आला तो समोरचा भुसारी. ‘‘मेल्या वामना, मी मुंबयची नोकरी सोडलंय तां त्या मास्तरणीक सांगलां कोणी?’’ त्याने वीस वर्षांपूर्वी हातात आलेलं बोलावणं ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून सोडलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. दुसरा एक वैद्य. त्याचं लग्न राहून गेलं होतं. चांगली चांगली स्थळं त्याने नाकारली होती आणि आता गाण्यातला कंडक्टर म्हणजे ती स्थळं आणणारा आपला मामा, अशी त्याची खात्री होती. तिसरा होडीवाला, चौथा निवृत्त तलाठी. तलाठ्याचं म्हणणं वेगळं होतं. त्याला राग आला नव्हता. ‘‘माज्यार कोणी गाणां करीत असा वाटला नव्हता,’’ तो म्हणाला, आणि रोज येऊन तेवढं एक गाणं ऐकून जायला लागला.

मी चौघांना पोटभर हसलो. माणसाला स्वतःविषयी केवढा तो भ्रम, असं बायकोला सांगितलं. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘‘कोणारच नाय ओ. मालवणच्या स्टँडार रोज धा जण तसे बसतत.’’

पाचवे आले ते अण्णासाहेब. अण्णासाहेब म्हणजे बाईंच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. शिवाय आसपासच्या तीन जत्रांच्या कमिट्यांवर त्यांचा शब्द चालायचा. शाळेच्या संमेलनाला लाउडस्पीकर ठरवायला ते जीप घेऊन आले आणि नेमकं तेव्हा दुकानात तेच गाणं चालू होतं. अण्णासाहेब नऊ वर्षं प्रत्येक संमेलनात ‘शाळेची नवी इमारत पुढच्या वर्षी’ असं जाहीर करत आले होते. मी स्वतः ते नऊही वेळा एको लावून ऐकवलं होतं. ‘ही नको, फुडली’ ही ओळ ऐकून त्यांचा चेहरा बघता बघता उतरला.

‘‘ह्यां कोणी म्हटलां?’’ त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. मला वाटलं, कौतुक करतील.

आठवडाभराने बाईंना संस्थेचं पत्र आलं. शिक्षिकेने आक्षेपार्ह गीते रचून जाहीर केल्याची तक्रार आहे, तरी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर समितीसमोर हजर राहावे. कॅसेट आणि वाजवायचं मशीन घेऊन दुकानदारानेही यावे. तक्रार कोणी केली हे पत्रात नव्हतं. तक्रार करणारे आणि ती ऐकणारे एकच असले की नाव लिहायची गरज राहत नाही.

शुक्रवारी सकाळी बाई दुकानात आल्या. मला वाटलं होतं रडतील. त्या तर खुशीत होत्या.

‘‘वामनदादा, उद्या कॅसेट लावा ती नीट लावा. आवाज बरोबर ठेवा.’’

‘‘बाईनू, नोकरी जायत,’’ मी म्हटलं.

‘‘जाऊक नाय जायची. आणि गेली तर गेली.’’ त्या बाकावर बसल्या. ‘‘हय बाजारात लोक गाणां आयकतत आणि कोणार आसा तां शोधतत. कोणी गप बसान आयकलां काय सांगा? उद्या समिती आयकतली. सुरवातीपास्ना शेवटपर्यंत, खुर्चयेर बसान. माका दुसरां काय होया?’’

‘‘व्हय, लावतंय,’’ मी म्हटलं. शब्द दिला.

बाई गेल्या आणि तासाभरात अण्णासाहेबांचा माणूस आला. त्याने धमकी वगैरे काही दिली नाही. यंदा तिन्ही जत्रांचे लाउडस्पीकर कुडाळच्या कोणाला द्यावेत असं चाललं आहे, एवढं बोलून त्याने चहा घेतला आणि गेला.

त्या दुपारी मी काय केलं ते सरळ लिहितो, कारण इतकी वर्षं मी ते वेगवेगळ्या तऱ्हेने सांगत आलो आहे. बाईंची नोकरी वाचवायला केलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते थोडं खरं आहे. पण हात चालत होता तो जत्रांसाठी. बाजार झोपला होता. मी कपाटातून कॅसेट काढली आणि मोडलेल्या पात्यांच्या भोकांवर चिकटपट्टी लावली. आता प्रश्न हा, की त्यावर भरायचं काय. कोरी ठेवली तर संशय येणार. पिक्चरचं गाणं भरलं तर अण्णासाहेब ‘हे नव्हे’ म्हणून थांबवणार आणि मला फैलावर घेणार. असं काहीतरी पाहिजे होतं, जे मध्येच बंद करायची कोणाची छाती होणार नाही.

माझ्याकडे जत्रेतल्या गाऱ्हाण्यांची कॅसेट होती. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो, गाऱ्हाणं म्हणजे गावच्या मानकऱ्याने सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने घातलेलं साकडं. तो एकेक मागणं मागतो आणि जमलेले सगळे दर मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. गाऱ्हाणं उभं राहून, हात जोडून ऐकायचं असतं आणि चालू गाऱ्हाण्यात कोणी मध्ये बोलत नाही. एकामागून एक नवसाची गाऱ्हाणी, जवळपास अर्धा तास. बाईंच्या पाच गाण्यांवर मी ती भरली. मग कॅसेट उलटून दुसऱ्या बाजूच्या चार गाण्यांवर भजनं भरली. काटा तांबड्याच्या अलीकडे होता. मी समाधानाने शटर वर केलं.

शनिवारी शाळेच्या कचेरीत मध्ये अण्णासाहेब, दोन्ही बाजूंना एकेक सभासद, समोर बाई आणि कोपऱ्यातल्या टेबलावर मशीन घेऊन मी. अण्णासाहेबांनी शुद्ध मराठीत प्रास्ताविक केलं. संस्थेची परंपरा, शिक्षकाचं चारित्र्य, समाजमनावर होणारा परिणाम. मग ते मला म्हणाले, ‘‘लावा ते गीत. समितीला ऐकायचं आहे.’’

बाईंनी पदर नीट केला, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. आपलं गाणं आता ऐकलं जाणार म्हणून बसलेलं माणूस कसं दिसतं ते मी त्या दिवशी बघितलं. मी बटण दाबलं.

‘‘बा देवा म्हाराजा!’’ मशीनमधून मानकरी गरजला.

अण्णासाहेब खुर्चीतून उठले ते विचार करून नव्हेच. पाय आपोआप चपलेतून बाहेर आले, हात जुळले. दोन्ही सभासद उभे राहिले. दारातला शिपाई घंटा खाली ठेवून उभा राहिला.

‘‘आज ही तुजी लेकरां हय जमली आसत, तेंच्या हातसून काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ समिती म्हणाली.

‘‘आणि तेंच्या वाटेत जो कोण आडो येत आसात, तेका वाटेक लाय रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ अण्णासाहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मी मनात म्हटलं, वामना, जिंकलंस. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कोणी थांबवेना. थांबवणार कसं? देवाच्या गाऱ्हाण्याला बटण दाबायचं पाप कोण घेणार? पंधरा मिनिटांनी एक सभासद एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यायला लागला, पण तोंडाने ‘व्हय म्हाराजा’ चालू होतं. बाईंनी डोळे उघडले होते. त्या अण्णासाहेबांकडे बघत नव्हत्या, माझ्याकडेही नाही. मशीनच्या काचेतून दिसणाऱ्या कॅसेटकडे बघत होत्या. वहीतली खाडाखोड ओळखणाऱ्या शिक्षिकेला चिकटपट्टी ओळखायला किती वेळ लागणार?

आणि मग माझ्या लक्षात आलं. काल मी काटा बघत होतो, घड्याळ बघत नव्हतो. गाऱ्हाणी कॅसेटच्या बाजूपेक्षा थोडी कमी भरली होती. शेवटी बाईंच्या गाण्याचा तुकडा शिल्लक राहिला असणार. बटण दाबायला माझा हात पुढे झाला आणि तिथेच थांबला. गाऱ्हाणं चालू होतं. जे कोणाला बंद करता येऊ नये म्हणून मी शोधून काढलं होतं, ते मलाही बंद करता येईना.

शेवटचं ‘व्हय म्हाराजा’ झालं. खट् असा आवाज झाला. आणि हळू, शेजारी बसून सांगावं तसं, कॅसेटमधून बाईंचा आवाज आला:

बाकड्याक आता मुळां फुटली,
पानां इली, सावली पडली.
लोक येतत, सावलेक बसतत,
म्हणतत, ही नको, फुडली.

कॅसेट संपली. समिती हात जोडून उभीच होती. अण्णासाहेबांना पहिल्यांदा शब्द सापडले आणि ते शुद्ध नव्हते. ‘‘ह्यां खयसून इलां?’’

बाई उठल्या. ‘‘ह्यां शेवटचां कडवां,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आदली कडवी कोणीतरी पुसल्यानी. ती मी म्हणतंय.’’ आणि गिटार नाही, काही नाही, तशाच त्यांनी ‘येस्टी इली, येस्टी गेली’पासून सुरुवात केली. बसायची संधी कोणालाच मिळाली नाही. अण्णासाहेबांनी ते गाणं पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत उभं राहून, अनवाणी, हात जोडून ऐकलं. मी जमिनीकडे बघत होतो. त्यातला एक शब्दही माझ्या कानात शिरला नाही.

बाईंची नोकरी गेली नाही. महिन्याभराने त्यांची बदली झाली. आदेशात असं होतं की त्यांच्या अंगच्या गुणांची संस्थेच्या दोडामार्गाकडच्या शाळेला जास्त गरज आहे. माझे जत्रांचे लाउडस्पीकर मात्र शाबूत राहिले. देवाच्या गाऱ्हाण्याने मला काय दिलं म्हणाल तर ते एवढं. तो निवृत्त तलाठी नंतरही काही दिवस संध्याकाळी यायचा, बाकावर बसायचा आणि मी दुसरं काही लावलं की उठून जायचा. मला लाज वाटायची. ती इतकी वर्षं वाटते आहे.

पुढच्या एप्रिलमध्ये मी दोडामार्गाला गेलो. बरोबर नवी कोरी कॅसेट, सेलवर चालणारा रेकॉर्डर आणि माइक. बाई काजूच्या बागेच्या कडेला एका घरी भाड्याने राहत होत्या. पडवीत बोंडांचा वास भरलेला होता आणि गिटार खुंटीला होतं. बाईंनी पाणी दिलं, सरबत दिलं, मालवणची खबर विचारली. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. शेवटी मीच म्हटलं.

‘‘बाईनू, नऊच्या नऊ परत भरूया. प्रती मी काढतंय. कव्हरां अजून माज्याकडेच आसत.’’

बाईंनी कॅसेट हातात घेऊन उलटसुलट बघितली. ‘‘पाती मोडलास?’’

‘‘भरून झाल्यार मोडतंय.’’

‘‘आधी मोडा, मगे गातंय.’’

‘‘मोडल्यार भरूक येवचां नाय, बाई. बटाण खाली जायना.’’

‘‘म्हायत आसा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आणि पिशयेत चिकटपट्टी आसा, ती माज्याकडे द्या.’’

होती. कायम असायची. मी ती दिली. मग किल्लीच्या टोकाने दोन्ही पाती मोडली. ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे, कोरी.

बाईंनी गिटार घेतलं आणि गायला सुरुवात केली. माझ्यासमोर काटा नव्हता, बटण नव्हतं, हात कुठे ठेवावे ते कळेना. शेवटी मांडीवर ठेवले. बाई पोस्टमनचं गाणं गायल्या. रहाटाचं गायल्या, तेव्हा कावळ्याच्या जागी त्या क्षणभर थांबल्या आणि पुढे गेल्या. चटईचं गाणं मी मागे मिनिटांच्या हिशेबाने भरलं होतं. ते इतकं वाईट वाटायला लावणारं आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी डोळे पुसले. तोवरच्या सगळ्या धंद्यात मी ऐकलेली ती पहिली गाणी.

पाचवं गाणं बाकड्यावरच्या माणसाचं आलं. कंडक्टर म्हणतो चढ, तो म्हणतो, ही नको, पुढली. शुक्रवारी सकाळी बाईंना ‘नाही लावत, माझ्या जत्रा जातील’ एवढं तोंडावर सांगता आलं असतं. नाही सांगितलं. कचेरीत ‘मी पुसली’ म्हणून पुढे होता आलं असतं. नाही झालो. त्याआधी बाई कावळा ठेवताना, बुवा सम शोधताना, दर वेळी गाणं ऐकायचं ते नंतर कधीतरी, म्हणून काटा बघत बसलो. भुसारी, वैद्य, होडीवाला आणि तलाठी, या चौघांना मी हसलो होतो. पण गाण्यात त्यांचं काहीच नव्हतं. शब्द न् शब्द माझा होता.

नऊही गाणी झाली. बाईंनी गिटार खुंटीला लावलं. मला राहवेना.

‘‘बाईनू, खरां सांगा. तां बाकड्याचां गाणां माज्यार केलास?’’

बाई हसतील असं वाटलं होतं. त्यांनी थोडा विचार केला.

‘‘तेवां नाय,’’ त्या म्हणाल्या.

मी फाट्यावर आलो तेव्हा सावंतवाडीची गाडी लागलेली होती. दारापर्यंत माणसं, टपावर बोंडांच्या पाट्या. कंडक्टर म्हणाला, ‘‘मागसून दुसरी येता, रिकामी आसा.’’ मी याच गाडीत चढलो.